शेंडेफळ अजून फांदीवरच आहे

ओर्नाग, २४ सप्टेंबर

ती. इशबेलताईस,

धाकट्या लॅक्लनचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कंबर परवानगी देते तितकंच.) तुझे गुडघे, तुझी मांजर आणि स्टॉर्नोवेचा वारा या तिघांची खुशाली कळव, वाऱ्याची आधी, कारण उरलेल्या दोघांची तब्येत त्याच्याच लहरीवर असते. मी ठणठणीत आहे. फेब्रुवारीत पायरीवरच्या बर्फावरून घसरलो होतो, ते दुखणं केव्हाच गेलं. फक्त मॉर्वेनच्या डोक्यातून जात नाही. तुझी ही लाडकी भाची तेव्हापासून एकच धोशा लावून बसली होती: बाबा, तळ्याकाठचं घर सोडा आणि स्टर्लिंगला माझ्या शेजारच्या इमारतीत राहायला या. शेवटी मी तिला शब्द दिला की या वर्षीचं ऑस्प्रेचं शेवटचं पिल्लू दक्षिणेला उडालं की त्याच दिवशी मी सामान बांधायला घेईन. तिने ते ताबडतोब कॅलेंडरवर लिहून घेतलं. आईवर गेली आहे.

आता तू म्हणशील, माशांवर झडप घालणाऱ्या घारींच्या भरवशावर कुणी घर सोडतं का? पण ताई, शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेल्या कविता ज्याला अजून येतात, त्याने तारखा पक्ष्यांवर नाही तर कशावर ठरवायच्या? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात म्हातारा आला (म्हातारा म्हणजे नर, सात वर्षं तोच येतोय), आणि जुन्या पाइनच्या शेंड्यावरचं घरटं असं ठोकून-ठाकून बघू लागला, जसे आपले वडील सुट्टीवरून आल्यावर आधी छप्पर बघायचे. मग राणीसाहेब आल्या, अंडी झाली आणि जूनमध्ये तीन पिल्लं. दोन धष्टपुष्ट, आणि तिसरं म्हणजे ओल्या मोज्यासारखं. त्याचं नाव मी शेंडेफळ ठेवलं. तू मला लहानपणी ज्या सुरात हाक मारायचीस, त्याच सुरात मी या पोरीला हाक मारायचो.

तळ्यापलीकडे आमचं टेहळणीचं लाकडी खोपट आहे. गावातली सगळी माणसं पाळीपाळीने तिथे दुर्बीण घेऊन बसतात आणि जे दिसेल ते नोंदवहीत लिहितात. वहीत रकाने तीनच: वेळ, कोण, मासा. ही वही युना मॅकास्किलबाईंच्या ताब्यात असते. (पूर्वी गणित शिकवायच्या. अजून शिकवतात, फक्त वर्ग राहिलेला नाही.) आता सकाळी सहाला धुकं तळ्यावरून उठतंय, म्हातारा पंख मिटून पाण्यात कोसळतोय आणि रुपेरी काहीतरी पायांत धरून वर येतोय, हे बघून 'ट्राउट' एवढा एकच शब्द लिहायचा? मी लिहायचो, 'पहाटेने तळ्याकडून उसनी घेतलेली एक लकाकी'. बाई खाली लाल शाईने लिहायच्या, 'लॅक्लन, ट्राउट की पाइक?' जुलैत कड्या घालणारी माणसं दोरखंड लावून झाडावर चढली, पिल्लं खाली आणून त्यांच्या पायांत कडी घातली, तेव्हा मी झुडपांत चिलटांशी झुंजत एक कडवं आठवत होतो. परत येऊन दुर्बीण लावतो तर शेंडेफळाच्या पाठीवर एक इवली डबी, तिला मिशीसारखी तार. मला वाटलं, हेही कड्यासारखंच खुणेपुरतं असणार. मी दप्तर पाठीला लावून शाळेत निघालेल्या मुलीवर बारा ओळी लिहिल्या. लाल शाई म्हणाली, 'छान. मासा कोणता?'

ऑगस्टमध्ये राणीसाहेब आधी गेल्या (त्यांच्यात आयाच आधी निघतात, मागचं सगळं बापाच्या गळ्यात), मग दोन्ही थोरले. शेंडेफळ मात्र फांदीवर बसून बापाकडे मासे मागत राहिली. मॉर्वेन रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "गेली का?" आणि मी मोठ्या समाधानाने म्हणायचो, "छे, अजून आहे." एक सप्टेंबरला सकाळी मी खोपटात एकटाच होतो. शेंडेफळाने तळ्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि सरळ टेकडीवरून दक्षिणेला गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी वही उघडली आणि ताई, माझ्या हाताने लिहिलं: 'सहा चाळीस. शेंडेफळ फांदीवर. ट्राउट.'

पुढचे अकरा दिवस मी हेच लिहिलं. सकाळची पाळी कुणाला नकोच असते, म्हणून मी सगळ्यांच्या पाळ्या मागून घेतल्या. दुपारच्या पाळीवाल्यांना ती दिसायची नाही, तर मी सांगायचो, पाइनच्या मागे बसली असेल. युनाबाई तर खूश झाल्या. चर्चबाहेर चार लोकांत म्हणाल्या की लॅक्लनला या वयात का होईना शिस्त लागली. अकरा दिवसांत एकही उपमा नाही.

हंगाम संपला की गावाच्या सभागृहात चहा-स्कोनचा कार्यक्रम होतो आणि नोंदवही मोठ्याने वाचतात. वाचायचं काम मीच मागून घेतलं. (पाठांतराची खोड, दुसरं काय.) मी उभा राहून खणखणीत आवाजात सुरू केलं. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर बाईंनी एक नकाशा लावला होता आणि त्यावर एक लाल ठिपका सरकत होता. मी म्हणालो, पाच सप्टेंबर, शेंडेफळ फांदीवर. ठिपका फ्रान्सच्या किनाऱ्यावर. नऊ सप्टेंबर, ट्राउट, ठिपका स्पेनमध्ये. लोक आधी खोकले, मग हसू लागले, आणि मला वाटलं माझं वाचन रंगतंय. तिसऱ्या रांगेत मॉर्वेन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, मागे बघा." मी बघितलं. त्या दप्तरात ती कुठे आहे ते रोज कळवणारं यंत्र होतं, हे मला तेव्हा कळलं.

"तिथेही ट्राउट असतातच," मी म्हणालो.

परतताना गाडीत तिने आधी माझा पट्टा लावून दिला. मग म्हणाली, "अकरा दिवस, बाबा?" मी तिला खरं ते सांगितलं. पोर गेल्यावरही म्हातारा दोन दिवस मासा आणून रिकाम्या घरट्याच्या काठावर ठेवत होता आणि हाका मारत होता. तेवढंच मी वहीत लिहिलं नव्हतं. तिने गाडीचं हीटर माझ्याकडे वळवलं. शनिवारी ट्रक येतोय. शब्द तो शब्द. माझी काही तक्रार नाही. स्टर्लिंगच्या खोलीच्या खिडकीतून म्हणे नदी दिसते, मान बाहेर काढली तर.

तुझा,
लॅक्लन

ता. क. तक्रार नाही म्हटलं ते खरंच, पण एक बारीकसं काम होतं. मी मॉर्वेनला सांगून बसलोय की एप्रिलमध्ये पक्षी परत येतील तेव्हा तू माझ्याकडे राहायला येणार आहेस, आणि ब्याऐंशी वर्षांच्या थोरल्या बहिणीला स्टर्लिंगच्या सोफ्यावर झोपवणं आपल्या घराण्यात बसत नाही. तेव्हा हे घर वसंतापर्यंत विकायचं नाही आणि मार्चअखेर मी इथेच येऊन राहायचं. रविवारी चर्चनंतर ती तुला फोन करील. तू फक्त 'हो' म्हण. यायला पाहिजे असं नाही. तुला बोट लागते हे मला ठाऊक आहे.

ता. क. २. विचार केला, तर नुसतं हो म्हणू नकोस. ये. तीन महिन्यांची पोर एकटी समुद्र ओलांडून गेली, कुणी वाट दाखवायला नव्हतं. तुझी बोट अडीच तासांची, आणि वर चहा मिळतो.

ता. क. ३. आत्या, मी मॉर्वेन. बाबांनी हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि पाकीट चिकटवायला विसरले. रविवारी मी फोन करीन तेव्हा मला काहीच ठाऊक नाही असं बोलेन. तूही तसंच बोल. बोटीचं तिकीट मी काढून ठेवलंय. ट्रकवाल्याला तुझा पलंग तळ्याकाठच्या घरीच राहू दे म्हणून सांगितलंय.