दलाली आतून बाहेर काढल्याची हकिगत

देवपूर, धुळे
ता. १९ जानेवारी १९३७

राजमान्य राजश्री लोटनभाऊ यांसी जीवरामचा नमस्कार, आणि आपल्या बहिणीकडून त्याहून मोठा नमस्कार. आम्ही दोघे ठीक आहोत. माझी दाढ मी कोर्टात असेपर्यंत ठणकते आणि घरी आलो की थांबते, तेव्हा काळजी नाही. आपला खोकला कसा आहे? नरडाण्याला थंडी फार पडली असे ऐकतो. पहाटे उघड्या डोक्याने शेतात जाऊ नये, असे यशोदेने मुद्दाम लिहायला सांगितले आहे (माझे ऐकले नाही तरी तिचे ऐकावे).

शेअर घेतले. दहाच्या दहा, आपल्या चिरंजीव कौतिकच्या नावावर. त्याच्या पुण्याच्या शिक्षणाची सोय झाली, हे आधी वाचून घ्यावे आणि मग स्वस्थपणे पुढे वाचावे. कापसाचे चौदाशे तीस रुपये माझ्या हाती देताना आपण म्हणालात, "जीवरामराव, तुम्ही कोर्टात दुसऱ्यांचे हिशेब तपासता, मला यातलं काही कळत नाही." भाऊ, पुढे जे झाले त्याला हे एक वाक्य कारण आहे. चाळीसगावला गाडी बदलून जळगावला उतरेपर्यंत मी ते मनाशी घोळवीत होतो, आणि रुपचंदशेठच्या पेढीची पायरी चढलो तेव्हा मी साधे गिऱ्हाईक राहिलोच नव्हतो.

रुपचंदशेठ हे मुंबईला तार करून शेअर घेऊन देणारे दलाल. माणूस गोड. मी गिरणीचे नाव सांगताच ते म्हणाले, "एकशे बेचाळीस. सगळं धरून." सगळे म्हणजे काय काय, हे मी विचारले. त्यांनी सांगितले की दलाली भावाच्या आतच आहे, वेगळे काही द्यायचे नाही. म्हणजे चौदाशे वीसला काम होऊन आपले दहा रुपये परत आले असते. पण आत म्हणजे किती आत? ज्या रकमेचा तपशील नाही ती रक्कम आमच्या कचेरीत मंजूर होत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. शेठ म्हणाले, "साहेब, घ्या ना असंच. सोयीचं पडतं." सोयीचे पडते म्हटल्यावर तर माझा संशय पक्काच झाला (कोणाच्या सोयीचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारायचे सुचले नाही).

आमची ही चर्चा चालू असताना अमळनेरकडच्या एक बाई आल्या. तानुबाई त्यांचे नाव. डोक्यावर पदर, पिशवीत भरीत करायची चार वांगी. त्यांनी उभ्याउभ्याच विचारले, "शेठ, बठ्ठं धरीसन कितला व्हतस?" शेठनी सगळं धरून एकशे बेचाळीस सांगितले. बाईंनी कमरेची पिशवी सोडली, पाच शेअरांचे पैसे मोजले, पावती घेतली आणि जाताना माझ्याकडे पाहून शेठना विचारले, "या भाऊले काय दुखस?" मला त्यांची कीव आली. शिक्षण नसले की माणूस असा फसतो, असे मी मनात म्हणालो. (हे वाक्य मी खोडणार होतो, पण जे घडले ते सगळे लिहायचे ठरवले आहे.)

दोन वाजेपर्यंत मी वाद घातला, मध्ये त्यांचाच दोनदा चहा घेतला. शेवटी शेठनी हात जोडले आणि दलाली वेगळी दाखवायचे कबूल केले. मी जिंकलो! तेवढ्यात मुंबईची तार आली. भाव शेअरमागे एक रुपयाने चढला होता. आपले परत यायचे दहा रुपये तिथेच गेले. मग शेठनी कोरा कागद घेऊन माझ्या इच्छेप्रमाणे एकेक बाब मांडली. मूळ भाव, त्याखाली दलाली. तिथे मी समाधानाने मान डोलावली. त्याखाली स्टांप. नाव चढवण्याची फी. तारेचा खर्च. रजिस्टर टपाल. गोशाळेचा धर्मादाय. मी म्हणालो, हे काय? शेठ शांतपणे म्हणाले, "सगळं धरून घेणाऱ्यांचं हे आम्ही सोसतो. दहा जणांची एकच तार जाते. तुमची वेगळी पाठवली." एकूण चौदाशे चव्वेचाळीस झाले. वरचे चौदा मी खिशातून भरले.

तो कागद मात्र पाहण्यासारखा आहे, भाऊ. एकही बाब लपलेली नाही. मी तो कचेरीत सगळ्यांना दाखवला, आणि आमच्या नाजरसाहेबांनी दोनदा वाचून तो अगदी नमुनेदार असल्याचे सांगितले. यशोदेनेही वाचला. ती एवढेच म्हणाली की चोवीस रुपयांत कागद चांगला मिळाला. दोन रात्री मला झोप लागली नाही, हे तिला ठाऊक आहे, म्हणून तिने कागद घडी घालून परत दिला. पण कालच्या वर्तमानपत्रात त्याच शेअरचा भाव एकशे सत्तेचाळीस आहे! तेव्हा आपण फायद्यात, कौतिक पुण्यात, आणि मी पुन्हा झोपू लागलो आहे. मनात काही न ठेवता उत्तर धाडावे, एवढेच मागणे.

आपला
जीवराम

ता. क. – एवढेच मागणे असे वर लिहिले, त्यात थोडी भर आहे. माझ्या पदरचे पैसे गेले ते पंचवीस रुपये मनिऑर्डरने पाठवावेत. सगळं धरून. तपशील कृपया विचारू नये.

दुसरा ता. क. – पत्र बंद करताना यशोदेने वरचे वाचले आणि तपशील मागितला. द्यावा लागला. चौदा रुपये शेठचे, साडेतीन गाडीभाड्याचे आणि फराळाचे, आणि साडेसात जळगावला घेतलेल्या हिरव्या लुगड्याचे. कापूस वेचणीमुळे आपल्याला यंदा भाऊबीजेला येता आले नाही, ती ओवाळणी मी परस्पर आपल्या नावाने घेऊन टाकली होती. लुगडे आज तिने नेसले आहे. आता तीही म्हणते, भाऊला सगळं धरूनच सांगा.