वजनाला

अप्पा, पिकअपच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतले. हे कौतुकाने सांगावं असं इथे कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. थंडीत कुवेतची माणसं वाळवंटात मुक्कामाला जातात, तसं आपणही जाऊ म्हणून मी गाडीच्या हौद्यावर बसणारी कॅम्परची खोली बनवून घेतली. आत ओटा, पाण्याची टाकी, तिघांची झोपायची सोय. पहिल्यांदा चढवली तर गाडीचं बूड जमिनीला आणि तोंड आभाळाकडे. सुलैबियातल्या गॅरेजात नेली. मिस्त्री रत्नागिरीचे, वयाने मोठे. वाकून बघत म्हणाले, "साहेब, पाटे वाढवतो, हवेच्या पिशव्याही लावू. पण खोली उतरवलीत की रिकामी गाडी आदळणार हां. मग माझ्या नावाने ओरडू नका." मी म्हटलं, "रिकामी ठेवतोय कोण? बायको आणि मुलगी येतायत पुण्याहून."

त्या आल्या नाहीत. मुलीला सुट्टीतच कुठे काम मिळालं, आणि तिला एकटीला कसं ठेवायचं म्हणून तिची आईही राहिली. खोली गॅरेजच्या आवारात टेकूंवर उभी आहे. मी रिकामी गाडी घेऊन रोज रिफायनरीत जातो आणि प्रत्येक गतिरोधकावर हाडं खिळखिळी होतात.

आई गेल्यानंतरची ती वर्षं. वीटभट्टीवर मॅटाडोर न्यायची असली की तुम्ही दारातून हाक मारताय, "चल रे, वजनाला! रिकामी गाडी फार आपटते." मी ऐटीत निघतोय. माझ्या वजनावर गाडी चालते, असं मी शाळेत सांगत असे. परवा एका गतिरोधकावर आदळलो आणि, इतकी वर्षं इंजिनिअर म्हणवून घेतल्यावर, डोक्यात प्रकाश पडला. अप्पा, मला तुम्ही बसवायचात केबिनमध्ये, तुमच्या शेजारी. मागच्या पाट्यांना माझा काय उपयोग होता? गाडी कडेला घेऊन रडलो.

काल मुलीला फोनवर म्हटलं, "गाडी रिकामी फार आपटते गं."

"बाबा, जस्ट पुट सम सँडबॅग्ज," ती म्हणाली.

खरंच आहे, वाळूला इथे काय तोटा! पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तुम्ही ते दारातून सहज ओरडायचात. मला नाही जमलं. "बघतो" म्हणून फोन ठेवला.

हे पत्र जाणार कुठे? राहील गाडीच्या खणात. पण एक सांगतो, गोण्या मी भरलेल्या नाहीत. ती जागा वाळूला द्यावीशी वाटत नाही.