घरात न काढायचा शब्द

तोक्यो, मार्च

प्रिय आई,

"घरात परीक्षा असली की 'घसरला' म्हणायचं नाही," असं मी शाळेत असताना तू मला दटावलं होतंस. नापास होण्याला आपल्याकडे तोच शब्द. म्हणून परीक्षेच्या दिवसांत आपण बर्फावर आपटलो तरी नुसते 'बसलो' म्हणायचो.

शुंपेईचा निकाल लागला. कॉलेजात प्रवेश मिळाला नाही. जेवतोय नीट, काळजी करू नकोस.

काल तुझ्या शेजारच्या कुदोबाईंचा फोन आला. "निकाल लागला ना? मग आता सांगते. तुझी आई जानेवारीत दारातल्या बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं. नातवाची परीक्षा होईतो हा शब्द काढलास तर बघ, अशी तंबी होती मला."

आणि दवाखान्यातून तू मला फोनवर सांगत होतीस, थोडी सर्दी आहे.

शुंपेई ऐकत होता. "आजी एवढं सोसून गप्प राहिली, आणि मी काय दिवे लावले," म्हणाला.

आओमोरीत अजून बर्फ आहे का? शेगडीत रॉकेल कोण भरतं? उठताना हात द्यायला कुणी असतं का?

तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी विचारते, आमच्याकडे राहायला येशील?

तुझीच,
नात्सुए