गुरुवारच्या आत सही

अमरावती,
रविवार, १९ जानेवारी १९६४

सौ. भागीरथा हिला,
पंचफुलाचा जय भीम.

इकडे आम्ही सगळ्या ठीक आहोत. तिकडची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही कळवलं नसतं.

पाकिटावर माझं नाव पाहून दचकू नकोस. भांडायला लिहीत नाही. भांडण पंचांनी मिटवलं आणि फारकतीनं आपलं सवतींचं, थोरली-धाकटीचं नातंही उरलं नाही. फारकतीचा मला एकच फायदा झाला. आता नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेता येतं. देवमन. बघ, जीभ झडली नाही.

मुली शाळेत जातात. धाकटी त्याच्यासारखीच हट्टी निघाली आहे. त्याची आई, जाईबाई, माझ्याकडेच आहे. पंचांनी विचारलं होतं, म्हातारे, तू कोणाकडे राहशील? तर म्हणाली, "मले काय इचारता? पोट्ट्या जिकडं, तिकडं मी."

आता कामाचं सांगते. पाकिटात विम्याचा एक फॉर्म घातला आहे. हे घर बांधायला देवमननं सोसायटीचं कर्ज काढलं, तेव्हा सोसायटीनं त्याला जिवाचा विमा उतरवायला लावला आणि तो कागद गहाण ठेवून घेतला. कर्ज फिटायच्या आत त्याचं काही बरंवाईट झालं, तर विम्याच्या पैशातून कर्ज फिटेल आणि घर पोरींना राहील, असा तो हिशेब.

चांदूर बाजारला माझ्या माहेरी पंच बसले तेव्हा सगळ्याची वाटणी झाली. घर पोरींना, कर्जाचे हप्ते देवमनकडे, बकरी मला, पाण्याचा पितळेचा गुंड त्याला. पाटा माझ्याकडे आला आणि वरवंटा चुकून त्याच्या गाठोड्यात गेला. तो तुझ्याकडे असेल. विम्याचं नाव मात्र कुणी काढलं नाही. जिवंत माणसाच्या मरणाची वाटणी कोण करतो? देवमनला वाटलं, घर तिकडे गेलं, म्हणजे विमाही तिकडेच गेला. मला वाटलं, जीव त्याचा, तर विमाही तोच भरत असेल. नोटिसा तुमच्या अकोल्याच्या पत्त्यावर जात राहिल्या, त्यानं त्या फेकल्या आणि विमा बंद पडला.

गोवर्धन एजंट म्हणतो, बंद पडलेला विमा पुन्हा चालू होतो. थकलेली रक्कम मी भरते, त्यासाठी बकरी विकली. फक्त आपली प्रकृती ठणठणीत आहे, कसलं औषध चालू नाही, असं लिहिलंय त्याखाली देवमनची सही पाहिजे. गुरुवारपर्यंत मुदत आहे. त्यानंतर डॉक्टरची तपासणी लागते. माझा भाऊ श्रावण अकोटच्या एसटीवर कंडक्टर आहे, तो बुधवारी दुपारी अकोल्याच्या स्टँडवर असेल. कागद त्याच्या हाती दे. देवमनला फार समजावत बसू नकोस. जेवायच्या आधी सही घे, भुकेला असला की तो कशालाही हो म्हणतो.

आणि एक. तो राबतो त्या जिनात सरकी काढताना उडणाऱ्या कापसाच्या धुळीनं त्याला थंडीत खोकला होतोच. त्यासाठी लगेच दवाखान्यात धावू नका. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. दाखवायचं ते गुरुवारनंतर दाखवा.

सोमवार सकाळ

काल पत्र बंद करता आलं नाही. आमच्या घरची एक रीत तुला माहीत नसेल. घरातून कुठलंही पत्र जायचं असलं की आधी ते जाईबाईला वाचून दाखवावं लागतं. तिला अक्षर येत नाही, पण तिच्या कानावरून गेल्याशिवाय पाकिटाला डिंक लागत नाही, आणि शेवटी तिचा निरोप लिहावा लागतो. नवऱ्याला पत्र लिहायचे तेव्हासुद्धा यातून माझी सुटका नव्हती.

ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी वाचत गेले. वरवंट्याच्या ओळीला हसली. खोकल्यापाशी आले आणि मी थांबले.

"पुढं?"

"संपलं, आत्याबाई."

"संपलं कसं? कागद त अजून भरेल दिसते."

मग वाचलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "खोकल्यासाठी दवाखान्यात काऊन नाई न्याचं? काय झालं माह्या पोराले?"

तिला सांगितलं ते तुलाही सांगते. मागच्या आठवड्यात श्रावणला देवमन अकोटच्या स्टँडवर दिसला. खोकून खोकून बाकावर बसला होता आणि रुमालात रक्त होतं. श्रावणनं विचारलं तर रुमाल खिशात कोंबला आणि म्हणाला, तंबाखू आहे. मी दवाखान्यात आया आहे, बाई. रक्त कुठलं आणि तंबाखू कुठली, ते मला कळतं. हा क्षय आहे. त्याच्या सुया सुरू झाल्या की ठणठणीत प्रकृतीची सही करता येणार नाही, आणि विमा कायमचा गेला. म्हणून मी तुला गुरुवारपर्यंत थांब म्हणत होते.

चार दिवसांनी काय बिघडतं, असं मी मनाला समजावलं. पण सहीच्या दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं, म्हणजे पुढे महिना-दोन महिने गप्प बसावं लागलं असतं. तेही मला ठाऊक होतं. आणि तेवढ्यात तो गेला, तर घर मोकळं. हेसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं, भागीरथा. भाकरी थापताना आलं. मला माझीच शिसारी आली, आणि तरी मी भाकरी थापत राहिले.

जाईबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "विमा नसला त घर जाईन?"

मी म्हटलं, जाईल. तो अंथरुणाला लागला की जिनातली मजुरी बंद, मजुरी बंद म्हणजे हप्ते बंद. माझ्या पगारात पोटं भरतात, कर्ज फिटत नाही. सोसायटी घर घेईल.

"घेऊ दे. पोरगा विकून मले छप्पर नाई पायजे."

आज सकाळी त्या फॉर्मवर चूल पेटवली.

पत्र मिळेल त्या दिवशीच त्याला सरकारी दवाखान्यात ने. तो येत नाही म्हणेल, तर आई जेवत नाही म्हणून सांग. खोटं नाही ते, कालपासून ती जेवलेली नाही. बुधवारी श्रावणला भेटच. बकरीचे पैसे त्याच्याकडे देते, ते दूध-अंड्याला आणि औषधाला लागतील. तुला दिवस गेले आहेत असं ऐकते. त्याचा पेला, ताट वेगळं ठेव, त्याच्याजवळ निजू नकोस. रुसेल, रुसू दे.

पहिलं पान फाडून नवं लिहिता आलं असतं. फाडलं नाही. उद्या तो बरा झाला आणि तू मला फार चांगली बाई म्हणायला लागलीस, तर ते पान काढून वाच.

जाईबाईचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते: "घर गेलं त मी अन् दोनी पोट्ट्या तुह्याकडं येऊ. तीन चटया टाकून ठेव." चौथ्या चटईचं ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

वरवंटा राहू दे तुझ्याकडेच. पोरींना सोडायला येईन तेव्हा पाटाही घेऊन येईन.

तुझी थोरली,
पंचफुला