सावत्र अल्बम

३ मार्च, सोमवार
दादाला परगावी नोकरी लागली. काल गेला. जाताना गिटार माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आता सगळं तुझ्यावर. आईला वाटलं तो घराबद्दल बोलतोय, म्हणून ती रडली. तो बँडबद्दल बोलत होता.
म्हणजे आता बाबा ड्रम्सवर, आत्या बेस वाजवणार आणि गाणार, आणि गिटारवर मी. ज्या क्लबात दादासोबत एकदा वाजवलं होतं, तिथल्या मॅनेजरने बावीस तारखेला आणखी एक संधी दिली आहे. जमलं तर दर शनिवारी. नाही जमलं तर ड्रम्स विकून टाकू, असं बाबा जेवताना सहज म्हणाले. वरण वाढ म्हणावं तसं.
मी घाबरलेली नाही. फक्त जेवण गेलं नाही.

५ मार्च, सकाळ
आंघोळ करताना सुचलं. आम्ही ज्या बँडची गाणी वाजवतो, त्यांचाही गिटारिस्ट चार अल्बम करून निघून गेला होता. पाचव्याला नवा आला. मला बाराखडीच्या आधी गिटारचे रिफ शिकवले ते बाबांनी, आणि त्याच वेळी हेही शिकवलं की त्या बँडचे अल्बम चारच. पाचव्याला आत्या ‘सावत्र’ म्हणते. ती रेकॉर्ड इस्त्रीच्या टेबलामागे असते. दादाने एकदा लावली, तर बाबा उठून बाल्कनीत गेले आणि पहिली बाजू संपेपर्यंत आत आले नाहीत.
मी तो अल्बम पूर्वग्रह सोडून पुन्हा ऐकणार आहे. नवा चांगला निघाला, तर गिटारिस्ट बदलल्याने बँड मरत नाही हे सिद्ध होईल. यात माझा वैयक्तिक काही संबंध नाही.

७ मार्च
ऐकला. बाबा बाहेर गेल्यावर, हेडफोन घालून, दाराला खुर्ची लावून.
भयंकर आहे. ड्रम्स ऐकू येतात, गाणारा ऐकू येतो, गिटार मात्र शेजारच्या घरात कुणी वाजवत असावं तशी. गुण द्यायचे तर पाचपैकी दीड तारा.
निकाल राखून ठेवते. हेडफोन जुने आहेत.

१० मार्च, सोमवार
मी डोळे तपासते त्या चष्म्याच्या दुकानात आज एका आजोबांना नेहमीप्रमाणे विचारलं, कोणती काच बरी, ही की ही? ते म्हणाले, पोरी, मला दोन्ही सारख्याच, तूच ठरव. मी घाबरून तपासणी पहिल्यापासून केली. पण त्यांचं म्हणणं मनाला पटलं. जुना काय, नवा काय.
संध्याकाळी पुन्हा ऐकला. साडेतीन तारे! गिटार ऐकू येत नाही असं नाही, तो संयम आहे. जुना प्रत्येक गाण्यात घुसायचा, कुणी विचारलेलं नसताना भाषण ठोकणाऱ्या मामासारखा. नवा जागा सोडतो. जागा सोडायला छाती लागते.

१२ मार्च
सराव. गिटारच्या अँपवरच्या आवाजाच्या नॉबवर सातच्या आकड्याशी दादाने माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला आहे. आवाज तिथेच ठेवायचा, असा घरचा नियम. मी पाचवर ठेवला. आत्या ओरडली, अगं, ही गिटार आहे की डास? मी म्हटलं, शेजाऱ्यांचा विचार करते. बाबा म्हणाले, इतकी वर्षं नाही केला, आता कशाला लाड.
निश्चय : पुढच्या सरावापासून सात.

१४ मार्च
चारवर. तारा नव्या आहेत, अजून बसायच्या आहेत.
दादाला फोन केला. तो म्हणाला, चुकलीस तर जोरात चूक, लोकांना वाटतं मुद्दाम केलंय. या माणसाला जबाबदारीची जाणीव कधी येणार?

१७ मार्च
घरात जाहीर केलं : सावत्र अल्बमला साडेचार तारे. आत्या म्हणाली, ताप बघा हिचा.
बाबांना तिसऱ्या गाण्यातला गिटारचा सोलो ऐकवला. बाल्कनीत गेले नाहीत. पूर्ण ऐकला आणि म्हणाले, पोरगा वाजवतो बरा, पण तूही आमच्यातलाच आहेस, असं कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, बाबा, हा संयम आहे. आत्या म्हणाली, संयम उपासाला ठेव. बाबा माझ्या हातांकडे बघत होते. मी हात मांडीखाली घेतले.

२१ मार्च
हात गार पडलेत. आईने कोमट पाण्यात बुडवून ठेवायला लावले. काळ्या शर्टला इस्त्री केली. नीट झाली का नाही, म्हणून पुन्हा केली.
उद्या सात. वेळ पडली तर आठ.

२२ मार्च, शनिवार, संध्याकाळी ५
क्लबच्या बाथरूममध्ये लिहिते आहे. टेबलं फारच जवळ आहेत. पहिल्या टेबलावरच्या बाईंच्या बशीतलं लिंबू दिसतं इतकी. नॉब सातवर आहे. खात्री करून आले.

५.४०
सहा. हॉल लहान आहे.

२३ मार्च, रविवार
पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्यात एक सूर चुकला, आणि तो जोरात चुकला. लिंबूवाल्या बाईंनी मान वर केली. माझा हात आपोआप नॉबकडे गेला. नंतर पाहिलं तेव्हा काटा दीडवर होता. पुढचा सगळा कार्यक्रम मी बिनचूक वाजवला. निदान तसं वाटतं, कारण मलाही ऐकू येत नव्हतं.
संपल्यावर मॅनेजर धावतच आला. बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला, वा साहेब! पहिल्यांदाच लोकांना जेवताना गप्पा मारता आल्या. दर शनिवारी या. आणि ते गिटारवाल्याचं काम बंद केलंत ते फार छान केलंत.
मी बाबांच्या शेजारीच उभी होते. गिटार गळ्यात होती.
बाबा थँक्यू म्हणाले. ड्रम्स वाचले.
आज दुपारी अल्बम पुन्हा लावला, उघड, हेडफोनशिवाय. तिसऱ्या गाण्याच्या सोलोत अगदी सुरुवातीला एक सूर जरा जास्तच जोरात येतो, आणि लगेच गिटार खाली जाते. ती पुन्हा वर येतच नाही. इतक्यांदा ऐकून कधी लक्षात आलं नव्हतं. तो संयम नाही. त्याचा हात कुठे गेला, ते मला माहीत आहे.
बाबा दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. गाणं संपल्यावर म्हणाले, घाबरलाय बिचारा. कोण, ते मी विचारलं नाही.
दोन तारे.
पुढच्या शनिवारी सात. निदान पाच. हॉल लहान आहे.