व्याह्यांच्या समितीला पुरस्कार

गोंडपिपरी
३ डिसेंबर २०२३

आदरणीय व्याही लहानूजी यांना सोमाजीचा रामराम.

आम्ही इथे सगळे ठीक आहोत. धानाची मळणी आटोपली. तणसाचा ढीग अजून अंगणातच आहे आणि शेजारच्या शेळ्या त्यावर ताव मारतात. रुखमाबाईचं पोट अधूनमधून दुखतं. ती ओवा चावते आणि पुन्हा कामाला लागते. तिकडे विहीणबाई, प्रवीणराव, करिष्मा आणि आयुष मजेत असतील. आलापल्लीची थंडी आता वाढली असेल, आयुषला कानटोपी घालत जा.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोनवर लगेच हसता, व्याही, आणि तुम्ही हसले की माझं बोलायचं राहून जातं. कागद हसत नाही.

तर अभिनंदन. तुमच्या रुग्ण हक्क समितीला विभागाचा पुरस्कार जाहीर झाल्याचं पेपरात वाचलं. चहाच्या टपरीवर सुकलूने मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे मी वाचलं नसतं तरी कळलंच असतं. तो वाचून झाल्यावर म्हणाला, "सोमाजीभाऊ, तुमच्या इवायानं तर मैदान मारलं." मी म्हटलं, "चांगलंच झालं." चहा अर्धा तसाच राहिला. गोड फार केला होता त्याने.

तुमच्या समितीचं वय आमच्या आयुषएवढं. तो अजून शाळेतही जात नाही. आमची समिती मी एस.टी.तून निवृत्त झालो त्या वर्षी सुरू झाली, तेव्हा तुम्ही लाकूड डेपोत सागाचे ओंडके मोजत होता आणि रुग्णाला काही हक्क असतात हे तुमच्या गावीही नव्हतं. हे मी चिडून लिहीत नाही. क्रम लिहितो आहे.

बातमीत लिहिलं आहे की तुमच्या समितीची पद्धत अभिनव आहे. कार्यकर्ता डॉक्टरशी बोलत नाही. रुग्णाच्या माणसाच्या मागे, त्याच्या पाठीला तळहात लावून उभा राहतो आणि बोलतो तो रुग्णाचा माणूसच. व्याही, ही पद्धत अभिनव कधीपासून झाली? मी कंडक्टर होतो. म्हाताऱ्या बाया गाडीत चढताना मी त्यांना हात धरून वर ओढत नसे. ओढलं की बाई गडबडते आणि पाय चुकतो. मी खाली उतरून मागे उभा राही, पाठीला नुसता तळहात लावी आणि म्हणे, "चढा बाई, मी मागं आहो." बाई आपली आपण चढे. तीच गोष्ट मी दवाखान्यात नेली. काय झालं आहे, आज इलाज नाही केला तर काय होईल, कागद द्या म्हणजे दुसऱ्याला दाखवतो, एवढं ज्याचं त्याने विचारायचं. करिष्मा शाळेत होती तेव्हापासून माझ्यासोबत येऊन हे बघत आली. मग लग्न होऊन ती तुमच्याकडे आली आणि तिच्या ट्रंकेतून माझी पद्धतही तुमच्याकडे आली.

करिष्मा हे काम "सासऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली" शिकली, असंही बातमीत छापलं आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पुरस्कार देणारे परीक्षक आमच्याकडेही आले होते, हे तुम्हाला माहीत नसेल. दोन बाया आणि एक दाढीवाला. सभागृहात आम्ही सतरंजी अंथरली, पोहे केले. मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. दुपार सरली तरी मी थकलो नाही. कोलामगुड्याहून मंगली आली होती, जंगू आला होता, ज्यांची ज्यांची कामं आपण केली ती सगळी मंडळी आली होती. माझ्यासारखं सविस्तर त्यांना कोणी सांगितलं नसेल. तरी निकाल असा. आता परीक्षकांना काय आवडतं ते परीक्षकच जाणोत. तुमच्याकडे तुम्ही म्हणे त्यांना चहा दिला आणि बाहेर जाऊन बसले.

१० तारखेच्या गडचिरोलीच्या कार्यक्रमाला या म्हणून तुम्ही निरोप पाठवला, करिष्मानेही दोनदा फोन केला. येणं जमणार नाही. गुडघा दुखतो. तणस भरायचं आहे. गाड्याही वेळेवर नसतात, हे मी कंडक्टर असून लिहितो. शिवाय रुखमाबाईचं पोट. शिवाय माझा पांढरा सदरा उंदराने कुरतडला.

शाल सांभाळून ठेवा. असल्या शाली एका धुण्यात विटतात.

तुमचा व्याही,
सोमाजी


गोंडपिपरी
२० डिसेंबर २०२३

आदरणीय व्याही लहानूजी यांना,

रामराम. रुखमाबाई आता बरी आहे, भाकर खाते आहे, माझ्यावर ओरडते आहे. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तुमच्या मागच्या दोन फोनना मी "हो, हो" एवढंच म्हणालो. ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

करिष्माने तुम्हाला किती सांगितलं मला माहीत नाही. ती कमी बोलते, तुमच्या घरात राहून आणखीच कमी. म्हणून मी सांगतो.

तुमच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रुखमाबाईचं पोट असं दुखलं की ओव्याचं काही चाललं नाही. मी तिला चंद्रपूरला नेलं, एका खाजगी दवाखान्यात. सोनोग्राफी झाली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. रविवारी सकाळी डॉक्टर आले आणि म्हणाले, पिशवी काढावी लागेल, आजच करून टाकू, इथे सही करा. नर्सने पेन माझ्या हातात दिला.

लहानूजी, मी किती लोकांना शिकवलं असेल की पेन हातात आला की आधी खाली ठेवायचा. मला तो खाली ठेवता आला नाही. डॉक्टर समोर उभे, रुखमाबाई खाटेवर कण्हते आहे. गाडीत भांडणारे दारुडे मी एका आवाजात खाली उतरवले आहेत. त्या दिवशी तो आवाज निघेना. मी नुसता मान हलवत होतो. डॉक्टर म्हणाले, "काका, विचार करा लवकर, मला दुसरीकडे जायचं आहे," आणि बाजूच्या खाटेकडे गेले. माणूस वाईट नव्हता. घाईत होता.

रुखमाबाई म्हणाली, "पोरीले फोन करा."

मी म्हटलं, "आज तिचा कार्यक्रम आहे."

"म्हून काय झालं? माय मोठी का कार्यक्रम मोठा?"

मी म्हटलं, "आपली समिती काय मेली? त्यांच्याच समितीले बलवाचं काय?"

एवढ्या दुखण्यात तिने उशीखाली हात घातला. मग म्हणाली, "तुमी जळून राह्यले." एवढंच म्हणाली. आणि उशीखालचा फोन काढून मला दिसत असताना तिने स्वतः करिष्माला लावला.

ती बरोबर बोलली. लिहूनच टाकतो, म्हणजे मनात सडणार नाही. मी जळलो. पेपर वाचला त्या दिवसापासून जळतो आहे. सन्मानचिन्हावर नाही, ते असतं काचेचं. "सासऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली" ह्या दोन शब्दांवर. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. माझं दुसरं काही म्हणणंच नव्हतं. पोरगी लहान असताना माझ्या पिशवीचा पट्टा धरून दवाखान्यांच्या पायऱ्या चढली. आणि आता ती तुम्हाला मामाजी म्हणते आणि तिचं शिक्षण तुमच्या नावावर छापून येतं. तुम्ही सभ्य माणूस आहात, हे तर आणखीच वाईट. तुम्ही वाईट असते तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

मला वाटलं ती येणार नाही. कार्यक्रम दुपारचा, गडचिरोली ते चंद्रपूर गाडीला वेळ लागतो. मी डॉक्टरांना सांगत राहिलो, थोडं थांबा, नातेवाईक येत आहेत. असं म्हणताना मला माझीच लाज वाटत होती. लोक माझ्यासाठी असं थांबायचे.

ती आली. नवी साडी, केसात गजरा, छातीवर कार्यक्रमाचा बिल्ला तसाच. आईच्या कपाळावर हात ठेवला. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता ही बोलेल, बक्षीस मिळवलेली पोरगी आहे. डॉक्टर परत आले तसा मी बाजूला सरकलो, तिला पुढे व्हायला जागा करून दिली.

ती पुढे झालीच नाही. ती माझ्या मागे गेली.

मी मान वळवून म्हटलं, "अगं, बोल ना."

ती म्हणाली, "बाबा, तुमीच विचारा. मी मागं आहो."

आणि पाठीवर तिचा तळहात टेकला. बरोबर तिथे, दोन खांद्यांच्या जरा खाली, जिथे मी बायांना लावायचो. तिने ढकललं नाही, दाबलं नाही. मी इतकी वर्षं लोकांच्या पाठीला हात लावला, पण माझ्या पाठीला तो कधी लागला नव्हता, म्हणून तो कसा लागतो हे मला माहीतच नव्हतं. मी पेन खाली ठेवला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, आज नाही केलं तर काय होईल ते सांगा. आवाज फाटका होता, पण निघाला.

डॉक्टर थांबले. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, आज नाही केलं तरी चालेल, दुखणं औषधाने कमी होईल, पण पिशवी कधीतरी काढावीच लागेल. मी म्हटलं, कागद द्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो. त्यांनी दिले. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कागद बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, हिची शुगर कोणी तपासली का? ती इतकी वाढलेली होती की त्या दिवशी चिरफाड केली असती तर जीवावर बेतलं असतं, असं त्या म्हणाल्या. आता गोळ्या सुरू आहेत. शुगर उतरली की ऑपरेशन.

बातमीतल्या त्या दोन शब्दांबद्दल करिष्माला विचारीन असं मी ठरवून ठेवलं होतं. विचारलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात चहा पिताना मी तिला म्हटलं, "तुझा कार्यक्रम बुडाला." ती म्हणाली, "मामाजीनंच पाठवलं. म्हणे, बक्षीस कुठी पळून नाई चाललं, तू जाय." म्हणजे बघा. मला वाटलं होतं, निदान ह्या एका बाबतीत तरी मी जिंकलो, पोरगी तुमचा मंच सोडून माझ्यामागे आली. तर तिला पाठवणारेही तुम्हीच निघाले. व्याही, कधीतरी दुसऱ्यालाही मोठेपणा करायला जागा ठेवत जा.

घरी आल्यावर मी रुखमाबाईला विचारलं, आपल्याला का नाही मिळाला पुरस्कार. ती म्हणाली, "त्या दिवशी मंगली बोलाले दोनदा उठली. तुमी दोनदा तिले बसवलं." परवा कोलामगुड्याला जाऊन आलो. मंगलीला म्हटलं, त्या दिवशी काय सांगणार होतीस? ती म्हणाली, "आता काय, भाऊ, आता ते गेले." तरी मी ओट्यावर बसून राहिलो आणि तिने सगळं सांगितलं. चांगलं सांगते ती. माझ्यापेक्षा थोडक्यात.

तुमच्या कार्यक्रमाचा फोटो सुकलूने टपरीवर चिकटवला आहे. मुद्दामच, मला दिसेल असा. म्हणून मी तो रोज बघतो. तुम्ही शाल घेतलेली, हातात ती काचेची वस्तू, दोन्ही बाजूला पाहुणे हसताहेत. तुम्ही हसत नाही आहात. तुम्हाला न हसता मी पहिल्यांदाच पाहिलं. तुमच्या मागे जागा मोकळी आहे, तिथून पडदा दिसतो. दवाखान्यात एकटा आलेला माणूस जसा उभा राहतो ना, कागद छातीशी धरून, तसे तुम्ही उभे आहात. माझी जळजळ अजून गेलेली नाही, खोटं बोलणार नाही. पण त्या फोटोसमोर उभं राहून जळताही येत नाही नीट.

जानेवारीत तुमच्या गावात सत्कार आहे आणि मी प्रमुख पाहुणा म्हणून यावं, असं तुम्ही म्हणालात. येतो. गुडघा ठीक आहे. सदरा नवा शिवायला टाकला आहे. पण खुर्ची ठेवू नका, हार आणू नका आणि मला भाषणाला उठवू नका, कारण एकदा उठलो की मी बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही बोलायला उभे राहाल तेव्हा मी मागच्या बाजूने मंचावर येईन. पाठीवर काही टेकल्यासारखं वाटलं तर वळून बघू नका. बोलत राहा. आणि पद्धत कोणाची आहे तेही त्यात सांगून टाका, एका वाक्यात.

आयुषला गोड पापा. करिष्माला सांगा, बाबा येणार आहेत.

तुमच्या मागे उभा,
सोमाजी