बांधावरचा कोरा दगड

तीर्थरूप आईस, पाया पडतो.

मी बरा आहे. खोकला नुसता दगडाच्या भुकटीचा, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

इथे एका घराण्याच्या शेतातल्या जुन्या कबरींवरची पुसट अक्षरं पुन्हा कोरतोय. मालकीणबाई शेजारी बसून नावं सांगतात. दोन दिवसांच्या बाळाचा दगड एवढासा, म्हणून काल मी त्यावर नुसतं ‘बाळ’ कोरलं, तर चिडल्याच. "नाव कोर रे. तेवढंच तर होतं त्याचं!"

तेव्हापासून हात धड चालत नाही. आपल्या बांधावरचा छोटा दगड तू रोज पदराने पुसतेस. विचारलं की विषय बदलतेस. माझ्याआधी ताई होती, एवढंच मला ठाऊक.

रागावू नकोस, पण तिचं नाव कळव. ठेवलंच नसेल, तर आता ठेव. छिन्नी घेऊनच येतो.

तुझा,
धाकटा